अक्यूट ल्युकेमिया: दवाखान्यातल्या पहिल्या महिन्यांची तयारी – मराठवाड्यातील कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान वेगानं वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचं, म्हणजे अक्यूट ल्युकेमियाचं निदान झालेल्या किंवा तसा संशय असलेल्या रुग्णाच्या घरच्यांसाठी आहे. औषध कोणतं आणि किती, हे रक्तविकारतज्ज्ञ ठरवतात. पण प्लेटलेट द्यायला कोण येणार, रात्री दोन वाजता ताप आला तर कुठं जायचं, दवाखान्यापासून किती अंतरावर राहायचं, हे घरच्यांनाच ठरवावं लागतं. पहिल्या महिन्यात दगावणारे बरेच रुग्ण जंतुसंसर्गानं किंवा रक्तस्रावानं जातात. म्हणून ही व्यवस्था केमोची पहिली बाटली लागायच्या आधी झालेली हवी.

तालुक्याच्या लॅबच्या रिपोर्टवर पांढऱ्या पेशी ८० हजार आणि 'ब्लास्ट' (कॅन्सरच्या कच्च्या पेशी) असं लिहून आलंय. आधी काय करायचं?

त्याच दिवशी निघायचं. उद्या बाजार आहे, परवा सुट्टी आहे, असं म्हणत थांबू नका. निघण्याआधी ज्या दवाखान्यात जायचं तिथं फोन करून रिपोर्टचा फोटो पाठवा, म्हणजे खाट आहे की नाही ते कळेल.

तोवर चार गोष्टी टाळा. कमरेत किंवा दंडात इंजेक्शन घेऊ नका. प्लेटलेट कमी असतील तर स्नायूत रक्ताची गाठ होते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन नको. तिसरी गोष्ट म्हणजे 'अशक्तपणा आहे, डेक्सा देऊ' म्हणून स्टेरॉइड घेऊ नका. अक्यूट ल्युकेमियाचे मुख्य प्रकार दोन, लिम्फोब्लास्टिक आणि मायलॉइड. लिम्फोब्लास्टिक प्रकारात स्टेरॉइडनं ब्लास्ट पेशी काही दिवस विरघळतात, रुग्णाला बरं वाटतं, आणि बोन मॅरोचा (हाडातल्या मगजाचा) रिपोर्ट संदिग्ध येतो. शिवाय खूप पेशी एकदम फुटल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. चौथी गोष्ट ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं: हिमोग्लोबिन ६ आहे म्हणून घाईनं रक्ताच्या दोन पिशव्या चढवू नका. पांढऱ्या पेशी लाखाच्या आसपास असताना लाल पेशी वाढवल्या की रक्त आणखी घट्ट होतं आणि मेंदू-फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. रक्त द्यायचं की नाही, कधी आणि किती, हे तज्ज्ञांना विचारूनच.

धाप लागणं, गुंगी, धूसर दिसणं, हिरड्यांतून न थांबणारं रक्त यातलं काही असेल तर खाजगी गाडीची वाट न पाहता १०८ बोलवा.

संभाजीनगर, बार्शी की थेट मुंबई?

छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईत परळचं टाटा मेमोरियल ही नावं सगळ्यांना माहीत असतात. लातूर, नांदेड, अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत निदानाची सुरुवात आणि रुग्ण स्थिर करणं होऊ शकतं. पण अक्यूट ल्युकेमियात दवाखान्याच्या नावापेक्षा पुढचे प्रश्न महत्त्वाचे: रक्तविकारतज्ज्ञ किंवा या आजाराची केमो नेहमी देणारे डॉक्टर आहेत का? रक्तपेढी त्याच आवारात आहे का, आणि एका दात्याकडून प्लेटलेट काढायचं मशीन तिथं आहे का? रात्रीसुद्धा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) होतं का? स्वतंत्र खोली मिळेल का? आयसीयू त्याच इमारतीत आहे का? यांपैकी दोन-तीन उत्तरं 'नाही' आली तर तिथं जोरदार केमो सुरू करू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

रुग्ण अस्थिर असताना, प्लेटलेट पाच हजार असताना, रात्रीच्या देवगिरीनं मुंबई गाठायची आणि सकाळी ओपीडीच्या रांगेत बसायचं, हा बेत धोक्याचा आहे. जवळच्या मोठ्या दवाखान्यात दाखल व्हा, प्लेटलेट आणि सलाईन चालू करा, तपासणीचे नमुने घेऊन ठेवा. दुसरं मत त्याच वेळी रिपोर्ट पाठवून घेता येतं. हलवायचंच ठरलं तर पुढची खाट पक्की झाल्यावर हलवा.

बोन मॅरोचा नमुना पुण्या-मुंबईला जातो म्हणतात. त्यात काय बिघडू शकतं?

बरंच काही. कंबरेच्या मागच्या हाडातून जागेवर भूल देऊन आधी पातळ मॅरो ओढतात, मग हाडाचा बारीक तुकडा काढतात. पातळ मॅरो वेगवेगळ्या नळ्यांत जातो: फ्लो सायटोमेट्री (पेशींचा प्रकार ओळखायची तपासणी) आणि जनुकांच्या चाचण्यांना जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी, क्रोमोसोमच्या तपासणीला हिरव्या झाकणाची हेपॅरिन नळी. क्रोमोसोमच्या तपासणीत पेशी जिवंत पोचून लॅबमध्ये वाढाव्या लागतात. एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांत नमुन्याचा डबा बंद गाडीत दोन तास राहिला, किंवा कुणी काळजीपोटी तो थेट बर्फावर ठेवला, तर 'पेशी वाढल्या नाहीत' असा रिपोर्ट येतो आणि तोवर केमो सुरू झालेली असते. पहिल्यासारखा नमुना पुन्हा मिळत नाही. नमुना शक्यतो सोमवार ते गुरुवार पाठवावा, शनिवारी निघालेला कुरिअरमध्ये अडकतो. प्रत्येक नळीवर नाव, वय, तारीख आणि वेळ आहे का ते डोळ्यांनी बघा.

डॉक्टरांना हे विचारा: फ्लोबरोबर कॅरियोटाइप, म्हणजे क्रोमोसोमची तपासणी, पाठवलं का? मायलॉइड प्रकार असेल तर एफएलटी३ आणि एनपीएम१, लिम्फोब्लास्टिक असेल तर बीसीआर-एबीएल या जनुकांच्या तपासण्या पाठवल्या का? बीसीआर-एबीएल सापडलं तर केमोला इमॅटिनिबसारखी गोळी जोडली जाते. ती तपासणी राहून गेली तर तो फायदा हातचा जातो.

एपीएल म्हणजे काय? डॉक्टर त्यासाठी एवढी घाई का करतात?

अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. यात रक्त गोठण्याची यंत्रणाच कोलमडते आणि पहिल्या काही दिवसांत मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होऊ शकतो. ते दिवस निभावले, तर हाच प्रकार सगळ्यांत जास्त बरा होणारा आहे. आट्रा (एटीआरए) आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड या औषधांच्या जोडीनं दहातले सुमारे नऊ रुग्ण बरे होतात. म्हणून स्लाइड पाहून नुसता संशय आला तरी आट्राच्या कॅप्सूल लगेच सुरू करतात, निदान पक्कं करणाऱ्या पीएमएल-रारा या जनुक तपासणीच्या रिपोर्टची वाट पाहत नाहीत. आट्रा मिळाल्याशिवाय या रुग्णाला लांबच्या प्रवासाला काढू नये. प्लेटलेट ३० ते ५० हजारांच्या वर ठेवावे लागतात, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) वरचेवर तपासावं लागतं. गोळी चालू झाल्यावर धाप लागली, वजन भराभर वाढलं, ताप आला तर लगेच सांगा.

केमोआधी काय काय उरकायचं?

हृदयाचा इको, हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही, पोटॅशियम, फॉस्फरस, कॅल्शियम, युरिक ॲसिड, क्रिएटिनिन. हेपॅटायटिस बी निघालं तर केमोबरोबर त्याचंही औषध लागतं, नाहीतर विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकतं. पेशी झपाट्यानं मरतात तेव्हा त्यांतलं पोटॅशियम रक्तात येतं आणि हृदयाची लय बिघडते, म्हणून भरपूर सलाईन आणि ॲलोप्युरिनॉल आधीपासून देतात. लघवी किती होते ते मोजून लिहून ठेवणं नातेवाइकांचं काम. हे मोजमाप टाळू नका.

हातात दर दोन दिवसांनी सुई टोचण्यापेक्षा पिक लाइन (दंडातून मोठ्या शिरेत जाणारी बारीक नळी) बसवून घेणं बरं. अनेक केमो औषधं शिरेबाहेर गळली तर कातडी जळते. पिक लाइनचं ड्रेसिंग आठवड्याला बदलावं लागतं आणि त्या हाताला बीपीचा पट्टा लावू नये.

तरुण मुलाचं लग्न व्हायचं असेल तर वीर्य साठवण्याची गोष्ट पहिल्या केमोआधीच, एका दिवसात होणारी आहे. घरात संकोच वाटतो, म्हणून डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा. बायकांमध्ये पाळीचा रक्तस्राव थांबवायची गोळी किंवा इंजेक्शन लागतं. पुढं बोन मॅरोचं प्रत्यारोपण लागलं तर कुणाचा मॅरो जुळतो ते बघायला भावा-बहिणींची एचएलए तपासणीही याच काळात द्या. एका सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. नाही जुळलं तर आई-वडील किंवा मुलांकडून अर्ध्या जुळणीचं प्रत्यारोपणही करता येतं.

प्लेटलेटची सोय कशी लावायची?

इथं सगळ्यांत जास्त धावपळ होते, म्हणून जरा सविस्तर.

प्लेटलेट दोन प्रकारे मिळतात. नेहमीच्या रक्तदानातून वेगळी केलेली छोटी पिशवी म्हणजे आरडीपी. मोठ्या माणसाला एका वेळी पाच-सहा लागतात. मशीनवर एकाच दात्याकडून काढलेली मोठी पिशवी म्हणजे एसडीपी; ती साधारण सहा आरडीपींच्या बरोबरीची. एका एसडीपीनं आकडा ३० ते ५० हजारांनी वाढणं अपेक्षित असतं, पण ताप असेल किंवा प्लीहा मोठी असेल तर फारसा वाढत नाही. दोन वेळा देऊन तासाभरानंतरच्या सीबीसीत आकडा हललाच नाही, तर शरीरात त्या प्लेटलेटविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार झाली असावीत. मग जुळवलेली पिशवी शोधावी लागते.

प्लेटलेट फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. २० ते २४ अंशांवर हलत्या ट्रेमध्ये पाचच दिवस टिकतात. म्हणजे आगाऊ साठा करून ठेवता येत नाही, दाते आगाऊ तयार ठेवावे लागतात. रक्तपेढीतून पिशवी आणणाऱ्यानं ती बर्फाच्या डब्यात घालू नये. थेट वॉर्डात आणावी आणि लगेच लावायला द्यावी. चांगली पिशवी उजेडासमोर धरून हलक्या हातानं फिरवली की आत रेशमी भोवरे दिसतात. गोळे दिसले तर सिस्टरला दाखवा.

एसडीपीचा दाता १८ ते ६० वयाचा, ५० किलोच्या वर वजनाचा, दोन्ही हातांच्या शिरा ठळक असलेला हवा. त्याच्या स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर. मागच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसावी. मशीनवर तास-दीड तास जातो, त्याआधी तपासण्यांना काही तास. तोच दाता ४८ तासांनी पुन्हा देऊ शकतो, आठवड्यात दोनदाच. एका केमोच्या फेरीसाठी गावातून, कॉलेजातून, भिशीच्या ग्रुपमधून आठ-दहा जणांची आधीच तपासणी करून यादी ठेवा, आणि एकाच दिवशी सगळ्यांना गाडी भरून आणू नका. मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत रक्तपेढ्या रिकाम्या असतात, त्या आठवड्यांची यादी दुप्पट करा.

पुढं प्रत्यारोपणाची शक्यता असेल तर सख्ख्या भावा-बहिणींचं आणि आई-वडिलांचं रक्त किंवा प्लेटलेट देऊ नका. त्यांच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली तर त्यांचाच मॅरो रुजायला अडचण येते. शिवाय जवळच्या नात्यातलं रक्त किरणांची प्रक्रिया (इरॅडिएशन) केल्याशिवाय दिलं तर दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णावरच हल्ला करू शकतात. 'आपलंच रक्त आपल्या माणसाला' ही भावना समजते, पण इथं शेजाऱ्याचं रक्त अधिक सुरक्षित.

रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट साधारणपणे १० हजारांच्या खाली गेल्यावर देतात, ताप असेल तर २० हजारांखाली. आकडा १५ हजार असताना डॉक्टर थांबले म्हणून भांडू नका.

ताप आला तर?

केमोनंतर सातव्या-आठव्या दिवसापासून पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि दोन-तीन आठवडे तिथंच राहतात. एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींचा आकडा, घरी काढता येतो: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी भागिले शंभर. पेशी १२०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के असतील तर एएनसी २४०. पाचशेच्या खाली आकडा असताना १०१ फॅरनहाइट ताप एकदा आला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर ती हृदयविकाराच्या झटक्याइतकीच तातडीची वेळ समजा. ६० मिनिटांच्या आत शिरेतून प्रतिजैविक गेलं पाहिजे.

आपल्याकडे नेमकं काय चुकतं? संध्याकाळी अंग कोमट लागतं, पॅरासिटामॉल दिली जाते, ताप उतरतो, सगळे झोपतात. पहाटे बीपी पडलेलं असतं. गोळीनं ताप झाकला, जंतू तसेच राहिले. दुसरी चूक म्हणजे गावातल्या दवाखान्यात विडाल (टायफॉइडची) आणि डेंग्यूची तपासणी करून, दोन दिवस तोंडानं गोळ्या घेत रिपोर्टची वाट पाहणं. या रुग्णात तेवढा वेळ नसतो. तिसरी, 'तापच नाही' म्हणून थंडी वाजून हुडहुडी भरलेली असतानाही थांबणं. स्टेरॉइड चालू असेल तर ताप चढतच नाही. हुडहुडी, गळून जाणं, लघवी कमी होणं हीच खूण.

थर्मामीटर दोन ठेवा. तोंडात फोड असतील तर काखेत मोजा; तिथला आकडा अर्धा ते एक अंश कमी दाखवतो हे लक्षात ठेवा. गुदद्वारातून ताप मोजणं, एनिमा, सपोझिटरी पूर्ण बंद.

रुग्ण उदगीर, किनवट किंवा भूमच्या बाजूला असेल आणि मुख्य दवाखाना तीन-चार तासांवर असेल, तर पहिला डोस जवळच्या दवाखान्यात घ्यायचा आणि मग निघायचं. यासाठी डिस्चार्जच्या वेळीच तज्ज्ञांकडून मराठी-इंग्रजीत एक चिठ्ठी घ्या: निदान, शेवटच्या केमोची तारीख, ॲलर्जी, 'ताप आल्यास ब्लड कल्चर घेऊन लगेच अमुक औषध, अमुक डोस'. मोठ्या माणसाला बहुधा पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम लिहिलेलं असतं. तेवढी दोन व्हायल औषधं आणून त्या डॉक्टरांकडे आधीच ठेवून द्या. कल्चरची बाटली नसेल तर तिच्यासाठी औषध थांबवू नये.

जेवणात काय द्यायचं?

ताजं, गरम, नीट शिजलेलं. तव्यावरून उतरलेली भाकरी, वरण, शिजवलेली भाजी, उकडलेलं अंडं. भाकरीबरोबर कच्ची मेथी, पातीचा कांदा, कच्च्या मिरचीचा ठेचा, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं, उघडं ताक पेशी वाढेपर्यंत नको. केळी, संत्रं, मोसंबी हात धुऊन स्वतः सोलून द्या. टँकरचं किंवा जारचं पाणी खळखळ उकळून, झाकून, त्याच दिवशी संपवा. याहून कडक पथ्यानं फायदा होतो असं दिसलेलं नाही, आणि उपाशी रुग्ण केमो झेपवू शकत नाही. गुळवेल, काढे, भस्मं बंद. यकृतावर ताण येतो आणि केमोशी त्यांची गाठ कशी पडेल सांगता येत नाही.

तोंड दिवसातून चार-पाच वेळा मीठ-सोड्याच्या कोमट पाण्यानं धुवा. ब्रश मऊ, मिश्री आणि तंबाखू बंद.

धुळीचंही तेवढंच सांभाळा. मळणी, कडबा, भुसा, गोठा, घराचं पाडकाम, ओल आलेली भिंत या सगळ्यांत बुरशी असते. नाकात काळी खपली, गालाची एका बाजूची सूज, छातीत टोचणं हे बुरशीचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी दाखवा.

एकूण किती दिवस लागतात?

मायलॉइड प्रकारात पहिली फेरी सात दिवस सायटाराबिन आणि तीन दिवस डॉनोरुबिसिन अशी असते. दवाखान्यात चार-पाच आठवडे धरून चला. त्यानंतर मॅरो पुन्हा तपासतात. ब्लास्ट पाच टक्क्यांच्या खाली आले आणि रक्ताचे आकडे सावरले की आजार आटोक्यात आला असं म्हणतात, पण इथं थांबलं तर तो बहुतेकदा परत येतो, म्हणून पुढच्या तीन-चार फेऱ्या किंवा प्रत्यारोपण. 'रिपोर्ट नॉर्मल आला' म्हणून या टप्प्यावर गावी निघून जाणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. लिम्फोब्लास्टिक प्रकारात उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात, शेवटचा मोठा भाग घरी गोळ्यांवर.

त्या गोळ्यांबद्दल एक गोष्ट ठळक लिहून भिंतीवर लावा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. ६-एमपी (मर्केप्टोप्युरिन) रोज. दोन्ही पिवळसर गोळ्या एका डब्यात ठेवल्या आणि मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेली तर तोंड सोलून निघतं, मॅरो बंद पडतो, जीव जाऊ शकतो. डबे वेगळे ठेवा, पण गोळ्या देणारी व्यक्ती एकच.

वय ७२ आहे. केमो झेपेल का?

आकड्यावर ठरत नाही. स्वतः चालतात का, अंघोळ करतात का, मूत्रपिंड-हृदय कसं आहे, यावर ठरतं. जोरदार केमो न झेपणाऱ्यांना ॲझासिटिडिन आणि व्हेनेटोक्लॅक्स देतात. बुरशीवरचं पोसाकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल सुरू झालं की व्हेनेटोक्लॅक्सचा डोस बराच कमी करावा लागतो. दुसऱ्या डॉक्टरांनी नवं औषध लिहिलं तर आधी आपल्या तज्ज्ञांना विचारून घ्या.

उपचार लागू पडत नसतील, तर तेही मोकळेपणानं विचारा आणि रुग्णालाही बोलू द्या. त्याला बहुतेक वेळा अंदाज असतोच. वेदनेसाठी मॉर्फिन योग्य डोसमध्ये सुरक्षित आहे, फक्त सोबत बद्धकोष्ठतेचं औषध रोज लागतं. व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही हा निर्णय आयसीयूच्या दारात उभं राहून घ्यायची वेळ येऊ देऊ नका.

खर्च आणि प्रवासाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, शिधापत्रिका कोणत्याही रंगाची असो. दाखल होतानाच आरोग्यमित्राला (दवाखान्यातला या योजनेचा मदतनीस) भेटा. शिधापत्रिका आणि आधारवरचं नाव-वय जुळत नसेल तर मंजुरी अडते, म्हणून घरून कुणीतरी तहसीलचं काम लगेच हाती घ्या. हेल्पलाइन १५५३८८. मंजुरी फेरीनिहाय असते. जी औषधं आणि तपासण्या पॅकेजमध्ये बसत नाहीत त्यांची यादी आधीच लेखी मागा. त्यांच्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करताना डॉक्टरांच्या सहीचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो.

रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत; दवाखान्याकडून ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पेशी कमी असताना मात्र गर्दीच्या डब्यातून प्रवास नको. त्या दोन-तीन आठवड्यांत दवाखान्यापासून तासाभराच्या आत भाड्याची खोली किंवा धर्मशाळा बघा. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना जागा देते. त्यासाठी दवाखान्यातल्या समाजसेवा विभागाकडे चौकशी करा.

फाइल एकच ठेवा: सगळे सीबीसी तारखेनुसार, मॅरोचे मूळ रिपोर्ट, प्रत्येक फेरीचा केमो चार्ट, रक्तगट, वजन-उंची, दिलेल्या डॉनोरुबिसिनची बेरीज (तिची हृदयासाठी मर्यादा असते), आणि कोणत्या पिशवीनंतर थंडी वाजली किंवा अंगावर गांधी उठल्या त्याची नोंद. पानांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.